अस्वलपेटीतला खंडोबा

देवांचं वजन करू नये असं कुठल्या पोथीत लिहिलं आहे का, ते मला ठाऊक नाही. पण ज्या काट्यावर मी बेसन मोजते, त्याच काट्यावर आमच्या कुळाचे पाच टाक ओळीनं मांडून विलासराव चष्म्यातून आकडा वाचायला लागले, तेव्हा मलाच देवांपुढं शरमल्यासारखं झालं.

"पिशवीसकट एकशे साठ ग्रॅम. चालतील," ते म्हणाले. मग त्यांनी माझा छोटा कुकर काट्यावर ठेवला आणि कॅम्पिंगच्या पाठपिशवीत तो चालणार नाही असं जाहीर केलं.

विलासराव म्हणजे माझे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी डेट्रॉइटच्या गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. आता रिटायर झाल्यामुळे डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या आमच्या घरात ते सगळ्याच गोष्टींना ब्रेक लावत फिरतात. टाक म्हणजे देवाची चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली प्रतिमा, काडेपेटीहूनही लहान. आमच्याकडे घोड्यावर बसलेला खंडोबा आहे, भवानी आहे, जोतिबा आहे, म्हसोबा आहे, आणि पाचवा इतका झिजला आहे की तो कोण ते कुणालाच सांगता येत नाही. सासूबाई त्याला नुसतं "हे आपले" म्हणायच्या. विलासराव एकुलते एक. सासूबाई एकदाच अमेरिकेत आल्या आणि जाताना हे पाचही जण माझ्या हवाली करून गेल्या. तेव्हापासून तीसेक वर्षं त्यांची अंघोळ, गंध, फूल, नैवेद्य, सगळं माझ्याकडे. खंडोबा घराण्याचा म्हणजे विलासरावांचा, आणि त्याचं करायचं मी, अशी आमच्या घरची कामाची वाटणी आहे.

प्रश्न होता आमच्यानंतर हे देव कुणाकडे जाणार, याचा. आमची एकच मुलगी, सई. सत्तावीस वर्षांची आहे, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी मातीवर पीएच.डी. करते. मातीवर म्हणजे खरोखरच मातीवर. पहिलं वर्षभर मी लोकांना 'जिऑलॉजी' म्हणून सांगत होते. सुट्टी मिळाली की ही पोरगी पाठीवर तंबू मारून डोंगरात जाते. विलासरावांनी निकाल लावला होता, की सई नाही म्हणाली तर डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तेव्हा जेजुरीच्या गडावर देवाचे देव देवाला परत देऊन येऊ. तिकिटं काढली होती. सईला फोनवर विचारलं.

"आई, मला देव नकोत असं नाही," ती म्हणाली. "पण ते रोज गंध, फुलं, घंटी... आय डोन्ट फील एनिथिंग, यार. मला डोंगरावर गेलं की काहीतरी वाटतं. तुम्ही एकदा माझ्याबरोबर कॅम्पिंगला या ना. दसऱ्याला या, देव घेऊन या. मग सांगते."

मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर देव जेजुरीला जाणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि देव्हारा रिकामा होणार हे सोसतही नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला विचारू नका.

दसऱ्याला आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा आणि टाक ठेवायचे. भंडारा म्हणजे देवाची हळद. मग पाच पुरुषांनी गोल बसून ते ताम्हन हातांवर तीनदा उचलायचं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर करायचा. नोव्हायमध्ये मराठी मित्र भरपूर, त्यामुळे पुरुषांची कधी टंचाई पडली नव्हती. शेवटी सईचं ऐकून दसऱ्याला कॅम्पिंगला जायचं ठरलं, तेव्हाही तीन कुटुंबं आमच्याबरोबर यायला तयार झाली, त्यात चार पुरुष होते. विलासराव धरून पाच. गणित पक्कं होतं.

पहिला दिवस : पुलापलीकडे

प्रवासाच्या पहिल्या तीन तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी झोपले होते. जाग आली ती विलासरावांच्या फोनच्या टिंगटिंगीनं. एकाच्या मुलाची सॉकर मॅच निघाली होती. दुसऱ्याच्या मुलाला ताप आला होता. तिसऱ्या घरातले बाप-लेक दोघेही डॉक्टर, त्यातल्या एकाला हॉस्पिटलनं बोलावलं आणि दुसरा म्हणाला, मी एकटा येऊन काय करू. "सो सॉरी काका, कॅन्सल केलं," असा शेवटचा मेसेज आला तेव्हा चारही पुरुष गळाले होते.

"इट्स फाइन," आदल्या रात्री नोव्हायला येऊन पोचलेली सई गाडी चालवता चालवता म्हणाली. "आपण तिघं आहोत ना."

"पाच पुरुष लागतात," विलासराव म्हणाले.

सईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि मॅकिनॉ नावाच्या लांबच लांब झुलत्या पुलानं ते जोडले आहेत. पलीकडचा तुकडा म्हणजे अप्पर पेनिन्सुला. माणसं थोडी, झाडं फार, आणि डोक्यावर सुपीरियर नावाचं तळं, ज्याला तळं म्हणणं म्हणजे हत्तीला वासरू म्हणण्यासारखं आहे. पुलाच्या आतल्या लेनला खाली डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. सईनं मुद्दाम गाडी जाळीवर घेतली. चाकांखाली भुंगा अडकल्यासारखा आवाज यायला लागला आणि जाळीतून खाली पाणी दिसायला लागलं. ब्रेकवर हयात घालवलेला माणूस शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

"बाबा, सीमोल्लंघन!" सई ओरडली.

"सीमोल्लंघन उद्या," विलासराव डोळे मिटूनच म्हणाले. "आज फक्त पूल."

पलीकडे उतरल्यावर भूक लागली. इकडे जिथं तिथं 'पास्टी' मिळते. आपली करंजी परदेशी शिकायला गेली आणि अंगानं सुटून परत आली तर जशी दिसेल, तशी. पूर्वी इथले खाणकामगार ती डब्यात घालून जमिनीखाली न्यायचे. आत बटाटा, कांदा, सलगमसारखा एक कंद आणि मांस. आम्ही बिनमांसाची घेतली. मीठ आणि देवाचं नाव, एवढाच मसाला होता. मी पर्समधून लसणाच्या चटणीची बाटली काढली. गल्ल्यावरच्या आजीबाई बघत होत्या, म्हणून त्यांनाही थोडी दिली. त्या लालबुंद झाल्या, ग्लासभर पाणी प्यायल्या, आणि मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, की ती बाटली त्यांना ठेवता येईल का. मी देऊन टाकली. विलासराव म्हणाले, एकशे दहा ग्रॅम कमी झालं.

कॅम्पची जागा तळ्याकाठच्या जंगलात, गाडी लावून मैलभर आत चालत जायची. सुरुवातीलाच एक रेंजरबाई भेटल्या. हिरवी पँट, कमरेपर्यंत वेणी. जंगलात काळी अस्वलं आहेत, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. वास येणारी प्रत्येक वस्तू चार तंबूंत मिळून असलेल्या लोखंडी अस्वलपेटीत ठेवायची. खाणं, साबण, टूथपेस्ट, क्रीम, सगळं.

इथं गप्प बसायचं, की नाही? पण नियम पाळण्याची आयुष्यभराची खोड. हात दाखवून अवलक्षण! विलासरावांनी छातीशी धरलेली मखमली पिशवी पुढं केली आणि विचारलं, "आणि हे? चांदीचे आहेत."

बाईंनी पिशवीला नाक लावलं. तीस वर्षांचं चंदन, हळद, कापूर आणि साजूक तूप त्यांच्या नाकात गेलं असणार. त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा वास घेतला.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या. "अस्वलाला फार आवडेल. पेटीत ठेवा."

"अहो, देव आहेत ते!" विलासराव मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत त्यांनी दैवत, कुळ, परंपरा असं बरंच काही सांगितलं. बाईंनी सगळं आदरानं ऐकून घेतलं आणि पेटी कुठं आहे ते बोटानं दाखवलं.

पेटीत आधीच कुणाचं तरी हरणाचं वाळवलेलं मांस होतं. पाकिटावर हरणाचं चित्र होतं. देवांना त्याच्या शेजारी ठेवायचं म्हटल्यावर विलासरावांचा चेहरा उतरला.

"शिकारीला जाणारा देव आहे तो," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? हरीण बघून त्याला बरंच वाटेल."

"आणि मणी-मल्लासारख्या दैत्यांना मारलंय त्यानं," सई म्हणाली. "अस्वलाचं काय?"

"मग बाहेर का नाही ठेवायचा?"

"अस्वलासाठी, बाबा. अस्वलाच्या सेफ्टीसाठी."

शेवटी एका बाजूला टूथपेस्ट, एका बाजूला हरीण आणि मध्ये आमचं कुलदैवत अशी स्थापना झाली. विलासरावांनी पेटीला बाहेरूनच नमस्कार केला. रात्रीबद्दल एवढंच सांगते, की स्लीपिंग बॅगेत शिरणं सोपं आहे आणि साठीला टेकल्यावर बाहेर येणं अवघड.

दुसरा दिवस : दसरा

अंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही. म्हणून दसऱ्याच्या सकाळी विलासराव पंचा नेसून सुपीरियर तळ्यात उतरले. ऑक्टोबर महिना, आणि ते पाणी जुलैतसुद्धा गार असतं. पहिल्या बुडीला ते "हर हर महादेव" म्हणाले. दुसऱ्या बुडीला नुसतं "हर" म्हणाले. तिसऱ्या बुडीला त्यांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती कुठल्याही देवाची नव्हती.

ती ऐकून शेजारच्या तंबूतून एक पांढऱ्या दाढीचा उंच म्हातारा हातात तवा घेऊन धावत आला. त्याला वाटलं अस्वल आलं. समोर पाहतो तर पंचातले विलासराव, निळे पडलेले. हा वॉल्टर. पंचाहत्तरीचा असेल, लोखंडाच्या खाणीतून रिटायर झालेला, डोक्यावर शिकारी घालतात तशी भडक नारिंगी टोपी. त्याच्या मागून त्याचा मेव्हणा रॉन चालत आला. घाईनं नाही, चालत. पेटीतलं हरीण या दोघांचं होतं.

कपडे घालून विलासराव पेटीपाशी गेले, तर पेटी उघडेना. तिचा खटका एका लोखंडी कोनाड्याच्या आत लपवलेला असतो, म्हणजे अस्वलाच्या पंज्याला तो सापडत नाही. विलासरावांनाही तो सापडला नाही. आदल्या दिवशी सईनं बंद केली होती आणि ती आता ओढ्यावर पाणी भरायला गेली होती. वीस मिनिटं त्यांनी पेटीशी झटापट केली. मग दोन पावलं मागं सरून म्हणाले, "ह्याचं डिझाइनच चुकलंय." नाचता येईना, अंगण वाकडं. वॉल्टरनं हात घालून एका बोटानं पेटी उघडली.

"ही अस्वलांसाठी केलीय," तो विलासरावांच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "इंजिनियरचा कुणी विचार केला नव्हता."

मग त्यानं टाक पाहिले आणि घोड्यावरचा गडी कोण, असं विचारलं. विलासरावांना असा श्रोता कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. पंधरा मिनिटं ते बोलत होते.

"म्हणजे डोंगरावरचा देव," वॉल्टरनं गोळाबेरीज केली. "धनगरांचा, शिकाऱ्यांचा. दोन बायका. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून ओरडायचं."

"दोन?" रॉन म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

विलासरावांचे डोळे चमकले. पुरुष! दोन आयते पुरुष, अगदी दारात उभे. त्यांनी तिथल्या तिथं आमंत्रण दिलं. काय करावं लागेल, वॉल्टरनं विचारलं. डोंगर चढायचा, ताट उचलायचं, ओरडायचं आणि कपाळाला हळद लावून घ्यायची. कायद्यात बसतं का? बसतं. खायला काय आहे? पुरणपोळी. ती काय असते ते मी सांगितलं, गूळ, डाळ, वर तूप. वॉल्टर बूट घालायला गेला.

सई पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन हे सगळं ऐकत उभी होती.

"बाबा, तुम्ही स्ट्रेंजर्सना रिक्रूट करताय. आणि मी इथे उभी आहे."

"बाळा, परंपरा आहे."

"वॉल्टरची?"

विलासराव ताम्हनाची तयारी करायला लागले. मी घरून आणलेल्या पोळ्या बांधत होते. दसऱ्याला मी नेहमी पोळ्याच बांधते किंवा लाटते किंवा वाढते. तळीचा गजर मी आजवर स्वयंपाकघरातूनच ऐकलेला आहे. असो. पोळ्या मोजत असतानाच एक पट्टेरी खार ताम्हनात चढली, सुपारी उचलली आणि झाडावर पसार झाली. अस्वलासाठी लोखंडी पेटी, रेंजरबाई, नियम, एवढा बंदोबस्त आणि चोरी केली टीचभर खारीनं. विलासराव झाडाखाली उभे राहून तिला समजावत होते की ती देवाची सुपारी आहे. शेवटी रॉननं कुठूनतरी ओकचं फळ आणून न बोलता ताम्हनात ठेवलं. अगदी सुपारीएवढं होतं. विलासरावांनी त्याच्यावर हळदीचं बोट लावलं आणि विषय संपवला.

सईच्या भाषेत वाट "इझी टू मॉडरेट" होती. माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं पडलं. वॉल्टर आणि विलासराव पुढं, पेन्शन आणि प्रोस्टेट या विषयांवर बोलत, रॉन मध्ये, मी आणि सई मागं. झाडं अशी पिवळी-लाल झाली होती, की भंडारा आम्ही उगाच विकत आणला असं वाटावं. अर्ध्या वाटेवर मी दगडावर बसले. सई खाली वाकली, चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली.

"ही बघ. बर्फाच्या नदीनं आणून टाकलेली वाळू आहे. वरचा हा काळा थर पानांचा. बोटभर व्हायला किती पिढ्या लागतात माहितीय?" ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिनं ते बोट कपाळाला टेकवलं आणि पँटला पुसलं.

"हे काय केलंस?"

"काय?"

तिला कळलंही नव्हतं. मला एकदम भरून आलं. या पोरीला काही वाटत नाही, देवाचं काही नाही, असं मी त्या फोनपासून मनात धरून बसले होते. गुडघा दुखतोय असं सांगून मी डोळे पुसले.

माथ्यावर सपाट खडक होता आणि समोर दुसऱ्या काठाचा पत्ता नसलेलं सुपीरियर. वारा असा, की बोललेलं मागं जात होतं. विलासरावांनी ताम्हन मांडलं. ते, वॉल्टर आणि रॉन गुडघ्यांवर बसले. तीन झाले. विलासराव वाटेकडे बघायला लागले.

"जरा थांबू. कुणीतरी येईल," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. एक मुलगी कुत्रा घेऊन आली आणि हात हलवून गेली. कुत्रा पुरुष होता, असं सईनं सुचवून पाहिलं.

"पोळ्या वाट बघताहेत," वॉल्टर म्हणाला. "या दोघींना ताट उचलता येत नाही का? काही दुखणं आहे का?"

"परंपरा," विलासराव म्हणाले.

"आमच्या घरी वाफेच्या अंघोळीची, सॉनाची भट्टी बाप्यांनीच पेटवायची, अशी पद्धत होती," वॉल्टर म्हणाला. "माझे आजोबा फिनलंडहून घेऊन आले होते ती. मग वडलांची पाठ गेली. आई पेटवायला लागली. तेवढीच तापायची."

सई रॉनच्या शेजारी जाऊन बसली. तिनं विचारलं नाही. चार झाले. मग ते माझ्याकडे बघायला लागले.

"अगं, ये ना. आता काय आमंत्रण पाहिजे?"

"हो, पाहिजे," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. वाऱ्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं, हे खरं. पण सगळंच वाऱ्यावर ढकलता येणार नाही. "तवा घेऊन आलेल्याला आमंत्रण दिलंत, हरीणवाल्याला दिलंत. मला तीस वर्षांत एकदा तरी दिलंत का? पोळ्या मी लाटायच्या, टाक मी घासायचे, आणि उचलायची वेळ आली की मी ताक घुसळत आत!"

वॉल्टरला मराठी कळत नव्हतं, पण संसार केलेला माणूस होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली पाहिलं.

विलासराव उठले. आधी एक गुडघा, मग दुसरा, खडकाला धरून. त्यांनी चिमूटभर भंडारा घेतला आणि पुरुषांना लावतात तसा, आडवा, माझ्या कपाळाला लावला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "सुनंदाबाई, तळी उचलायला या."

मी बसले. ताम्हनाखाली पाच जणांचे हात गेले. इतकी वर्षं ते मी भरलं, घासलं, पुसलं, पण उचलताना ते एवढं हलकं लागतं हे मला माहीत नव्हतं. विलासरावांनी सुरुवात केली आणि मी "येळकोट" म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. घशातून कुणाचा आवाज आला कोण जाणे. सई माझ्याकडे बघून हसत होती, ओरडत होती आणि रडत होती. मला देव दिसला वगैरे नाही. पण तो तिथं आहे आणि मी त्याची कामवाली नाही, त्याच्या घरची आहे, असं मला त्या खडकावर पहिल्यांदा वाटलं. तिसऱ्या वेळी तळी खाली आणताना लक्षात आलं, की ती जमिनीवर टेकवायची नसते, टोपीवर टेकवतात, आणि विलासरावांची टोपी नोव्हायला राहिली. वॉल्टरनं आपली नारिंगी टोपी पुढं सरकवली. खंडोबा तिच्यावर झकास बसला.

राहिला होता भंडारा. सईनं आधीच बजावलं होतं, की जंगलात आपली खूण ठेवायची नाही, उधळायचा नाही, फक्त बोट लावायचं. विलासरावांनी कबूल केलं होतं आणि किलोची पिशवी फक्त बोट घालण्यापुरती उघडली. तोंड मात्र वाऱ्याकडे करून. पुढच्या क्षणी आम्ही पाचही जण पिवळे झालो होतो. वॉल्टरची दाढी हळदीची झाली. सईच्या पापण्यांवर भंडारा होता. रॉननं जिभेनं ओठ चाटून पाहिला.

"हळद," तो म्हणाला. "सांध्यांना चांगली."

मग दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर, उधळलेला भंडारा ओल्या फडक्यानं पुसून काढणारे विलासराव हे खंडोबाचे बहुधा पहिलेच भक्त ठरले. सई त्यांना राहिलेल्या भेगा दाखवत होती. पोळ्या तिथंच खाल्ल्या. वॉल्टरनं चार खाल्ल्या आणि पाचवी दाढीखाली खिशात ठेवली. उतरताना रेंजरबाई भेटल्या. त्यांनी पाच पिवळ्या माणसांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त हे कपडेही पेटीत ठेवा."

तिसरा दिवस : तळ्याकाठी

सकाळी तंबू आवरून झाले. वॉल्टर आणि रॉन मासे धरायला गेले होते. सई काठावरच्या गोट्यांवर बसून तळ्याच्या पाण्यात एकेक टाक धुवत होती. घोड्याच्या पायांत अडकलेली हळद ती नखानं काढत होती. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. विचारायचं दोघांनाही होतं आणि विचारवत कुणालाच नव्हतं.

"मी घेते," ती मान वर न करता म्हणाली.

विलासरावांनी मोठा श्वास सोडला आणि घसा खाकरला. त्यांचं छोटंसं भाषण तयार होतं, मला माहीत आहे. ते पिशवी उचलायला वाकले.

"नाही बाबा. तुमच्याकडून नाही," सई म्हणाली. "यू एक्स्प्लेन हिम व्हेरी वेल. रिअली. वॉल्टरला कळलं म्हणजे काय! पण मला ते आईकडून पाहिजेत."

विलासराव वाकलेलेच राहिले. मग त्यांनी पिशवी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले आणि तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी पाचही टाक पदराला पुसले. पदर कुठला, जॅकेट होतं. पण हात आपोआप तिकडं गेला. डेट्रॉइटच्या विमानतळावर, आत जायच्या रांगेत, सासूबाईंनी कनवटीची पिशवी काढून माझ्या ओटीत घातली होती. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि भीतीनं रडत होते. परक्या देशात एवढं मोठं घराणं मला कसं सांभाळायला जमणार? तेव्हा त्या माझ्या कानाशी जे बोलल्या ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, विलासरावांनासुद्धा नाही. सईच्या ओंजळीत पिशवी ठेवली आणि मी तेच म्हटलं.

"ह्यांना उपाशी ठेवू नकोस. बाकी काही चुकलं तरी चालतं."

सईनं ओंजळ मिटली. मग नाक ओढत म्हणाली, "आई, सकाळी मला खूप घाई असते गं. लॅबला पळते. माझ्याकडे फक्त ट्रेल मिक्स असतं. दाणे, बेदाणे, आणि त्यात चॉकलेट पण असतं. ते चालेल?"

सोवळं, साजूक तूप, खंडोबाच्या वारी कांदा-लसूण नाही, हे सगळं ज्या घरात तीस वर्षं पाळलं गेलं, त्या घरचे यजमान पाठमोरे उभे राहून कान देऊन ऐकत होते.

"चालेल," मी म्हटलं. "पण आधी त्यांना. मग तुला."